फुलांच्या चौकोनांची क्रोशे पिशवी: पहिल्यांदा करताना

धागा सुतीच घ्या. लोकर वजनाने ताणते आणि पिशवी गुडघ्यापर्यंत लोंबते. आठ प्लायच्या (मध्यम जाडीच्या) सुताला ३.५ मिमीची आकड्याची सुई पुरते. १२ सेंमीचे १८ चौकोन करा, पुढे नऊ, मागे नऊ.

चौकोनाच्या मधलं आठ पाकळ्यांचं फूल झालं की खरी मेख येते. पाकळ्यांमध्ये आठ फटी असतात. एक सोडून एक फटीत कोपरा घ्या: तीन खांब (सुईवर एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका), दोन साखळ्या (साधे फासे), तीन खांब. उरलेल्या चार फटींत नुसते तीन खांब. कोपरे लागोपाठ पडले तर चौकोन तिरका होतो, आणि कोपऱ्यातली साखळी घट्ट ओढली तर तो वाटीसारखा वर येतो. तो भाग उसवाच, इस्त्रीने बसत नाही.

लाल-पांढरं एकत्र वापरणार असाल तर आधी लाल धाग्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात दाबून रंग जातो का बघा.

जोडण्याआधी सगळे चौकोन ओले करून, टाचण्या लावून एकाच मापात वाळवा. शेवटच्या ओळीचे टाके मोजून सारखे हवेत, नाहीतर जोड चुणतो.

बंदाला आतून निवारीची पट्टी शिवा. अस्तराला मांजरपाट छान, पण आधी धुऊन आटवलेलं.