जर्मनीची नागरिकत्व परीक्षा: सोपं काय, अडतं कुठे

तुमचा प्रश्न असा की पुढच्या वर्षी नोकरीसाठी जर्मनीला निघताय, पुढेमागे नागरिकत्वही घ्यायचं आहे, तर ती परीक्षा कितपत अवघड आहे आणि अभ्यास आत्तापासूनच सुरू करावा का. अभ्यास आत्ता नको. आत्ता जर्मन भाषा शिका. परीक्षा सोपी आहे, माणसं अडकतात ती भाषा, तारखा आणि कागदपत्रांत.

आधी परीक्षेबद्दल. तिला आइनब्युर्गरुंग्सटेस्ट म्हणतात. ३३ प्रश्न, ६० मिनिटं, १७ बरोबर आले की पास. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि त्यातला एकच बरोबर. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. संपूर्ण प्रश्नसंच ३१० प्रश्नांचा: ३०० देशाबद्दलचे सामाईक आणि १० तुम्ही राहता त्या राज्याचे. पेपरात पहिल्यातले ३० आणि दुसऱ्यातले ३ येतात. हा संच बाम्फ, म्हणजे स्थलांतर आणि निर्वासितांचं केंद्रीय कार्यालय, स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट देतं आणि ऑनलाइन सरावाची सोयही तिथेच आहे. पैसे देऊन ॲप घ्यायची गरज नाही. मित्राने पाठवलेल्या जुन्या पीडीएफवर तर अजिबात विसंबू नका. संचात बदल होतात. २०२४ मध्ये ज्यूंचं जर्मनीतलं जीवन, ज्यूद्वेष आणि इस्रायल यांवरचे नवे प्रश्न आले.

प्रश्न कसे असतात? राज्यघटनेचं नाव विचारतात आणि पर्याय देतात फोल्क्सगेझेट्स, बुंडेसगेझेट्स, डॉइचेस गेझेट्स आणि ग्रुंडगेझेट्स. उत्तर शेवटचं. माहिती नसली तर चारही सारखेच खरे वाटतात. घोटाळ्याची खरी जागा म्हणजे ‘बुंडेस’ने सुरू होणाऱ्या संस्था. चान्सेलरची, म्हणजे सरकारप्रमुखाची, निवड बुंडेसटाग, म्हणजे संसद, करतं, तर राष्ट्राध्यक्षाची निवड बुंडेसफरझामलुंग, जी तेवढ्यापुरतीच भरते. बुंडेसराटमध्ये १६ राज्यांच्या सरकारांचे प्रतिनिधी बसतात. कोण कोणाला निवडतं याचा एक तक्ता हाताने काढा, एका बैठकीत डोक्यात बसेल.

इतिहासाचा पसारा त्या मानाने आटोपशीर आहे. १९३३ ते १९४५ नाझी राजवट, ९ नोव्हेंबर १९३८ ला सिनेगॉगची जाळपोळ, २३ मे १९४९ ला ग्रुंडगेझेट्सची घोषणा, १७ जून १९५३ चा पूर्व जर्मनीतला उठाव, १९६१ मध्ये बर्लिनची भिंत, ९ नोव्हेंबर १९८९ ला ती खुली झाली, ३ ऑक्टोबर १९९० ला एकीकरण. ९ नोव्हेंबर दोनदा येतो, तिथे साल नीट बघा.

राज्याचे प्रश्न लोक गृहीत धरतात आणि तिथेच गुण घालवतात. चार चित्रांतून राज्याचं बोधचिन्ह ओळखणं, राजधानी, झेंड्याचे रंग, विधानसभेची मुदत (बहुतेक ठिकाणी ५ वर्षं, ब्रेमेनमध्ये ४), स्थानिक निवडणुकीचं मतदानाचं वय. राज्य सरकारात कोणता मंत्री नसतो, असाही एक प्रश्न आहे. परराष्ट्रमंत्री नसतो, कारण ते खातं फक्त केंद्राकडे.

जर्मनची बी१ ही मधली पातळी झालेली असेल तर रोज अर्धा तास, दोन-तीन आठवडे पुरतात. बी१ नसेल तर पर्यायांचे आकार पाठ करून पास होणारेही आहेत, पण त्याचा उपयोग काय? अर्जाला बी१ चा वेगळा दाखला लागतोच. शिवाय लोकशाही व्यवस्थेवरच्या निष्ठेचं जे निवेदन द्यावं लागतं, त्याचा अर्थ अधिकारी तुम्हालाच विचारू शकतो. मॅक्सम्युलर भवनचा (भारतातल्या गोएथे इन्स्टिट्यूटचा) भाषेचा दाखला तिकडे निघण्याआधीच मिळाला तर उत्तम. मूळ प्रत सोबत न्या, झेरॉक्सवर भागत नाही.

परीक्षा बहुतेक ठिकाणी फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे गावाच्या प्रौढ शिक्षण केंद्रात होते. फी २५ युरो. नोंदणी काही आठवडे आधी बंद होते आणि मोठ्या शहरांत जागा पटकन भरतात. जवळच्या छोट्या गावातलं केंद्र बघायला हरकत नाही. नोंदणीला पासपोर्ट न्या आणि नाव त्यात आहे अक्षरशः तसंच लिहा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं. पासपोर्टवर ते पहिल्या नावाच्या रकान्यात असेल, तर दाखल्यावरही तसंच यायला हवं. भाषेच्या दाखल्यावर एक नाव, परीक्षेच्या दाखल्यावर दुसरं, असं झालं की फाईल रखडते.

परीक्षेच्या दिवशी मूळ ओळखपत्र आणि पेन. मोबाईल आणि शब्दकोश बंद. साठ मिनिटं बहुतेकांना लागतच नाहीत. निकाल बाम्फकडून टपालाने येतो, त्याला काही आठवडे जातात. भाड्याच्या घरात टपालपेटीवर तुमचं नाव चिकटवलेलं नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही. घर बदलणार असाल तर नवा पत्ता वेळेत कळवा. नापास झालात तर पुन्हा २५ युरो भरा आणि पुन्हा बसा. कितीदा बसावं याला मर्यादा नाही.

परीक्षेच्या दाखल्याला मुदत नसते आणि नंतर राज्य बदललं तरी तो चालतो. म्हणून पाचवं वर्ष उजाडण्याची वाट न बघता भाषा जमली की उरकून टाका. कायदेशीर वास्तव्याची अट २७ जून २०२४ पासून ८ वरून ५ वर्षांवर आली आहे. तीन वर्षांतच नागरिकत्व देणारी सवलत ऑक्टोबर २०२५ मध्ये रद्द झाली, जुन्या लेखांत ती अजून दिसते. अर्जाची फी प्रौढाला २५५ युरो. १६ वर्षांखालच्या मुलांना परीक्षा नाही, जोडीदाराला मात्र स्वतंत्र द्यावी लागते. जर्मन शाळेतून उत्तीर्ण झालेल्यांना सूट आहे. तिथे केलेल्या इंजिनिअरिंगच्या मास्टर्सवर ती मिळेल असं धरून चालू नका.

आता आपल्या बाजूचं. जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला सांगत नाही, पण भारताचा १९५५ चा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. जर्मन नागरिकत्वाचा दाखला हातात पडला त्या क्षणी भारताचं संपतं. पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं आणि मग ओसीआय कार्डाचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीच्या कार्डाचा, अर्ज. ओसीआयवर मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मिळू शकते. आणि नागरिकत्वाचा दाखला मिळण्याच्या सुमारास भारताचं तिकीट काढू नका. भारतीय पासपोर्ट वापरता येत नाही, जर्मन पासपोर्ट यायला काही आठवडे लागतात आणि तो आल्यावरही व्हिसा किंवा ओसीआय लागतोच.