स्लीपमधला लॅपटॉप आणि ८० टक्क्यांची मर्यादा

प्रश्न : लॅपटॉप स्लीपमध्ये ठेवून रात्रभर चार्जरला लावला, तर बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच चार्ज करण्याची ठरवलेली मर्यादा पाळली जाते का?

उत्तर : ती मर्यादा कोण राखते, यावर ते अवलंबून आहे. बहुतेक लॅपटॉपमध्ये चार्जिंगवर मदरबोर्डवरील एम्बेडेड कंट्रोलर ही छोटी चिप देखरेख करते आणि मुख्य प्रोसेसर थांबला तरी ती जागीच असते. त्यामुळे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ‘चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड’ या फाइलमध्ये ८० लिहिले, की (अर्थात, लॅपटॉपला ही सोय असल्यास) तो आकडा हार्डवेअरकडे पोहोचतो आणि पुढचे तेच पाहते. याउलट, ठरावीक वेळाने टक्केवारी वाचून चार्जिंग थांबवणारे ॲप लॅपटॉपबरोबर स्वतःही झोपी जाते, आणि सकाळी बॅटरी पूर्ण भरलेली आढळू शकते. अशा ॲपपेक्षा उत्पादकाने बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) दिलेली सेटिंग मला अधिक भरवशाची वाटते.