वटारलेले डोळे, खांद्याची फट आणि रंगाचे पोपडे

प्लास्टिकचे छोटे सैनिक जोडून रंगवायच्या सैनिकी फिगर किटबद्दल यावेळी बरेच प्रश्न आलेत, त्यातले परत परत विचारले गेलेले खाली घेतले आहेत.

प्रश्न : मी १/३५ स्केलचा (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा) सैनिक रंगवला. गणवेश बरा जमला पण चेहऱ्याची पार वाट लागली. डोळ्यात पांढरा रंग भरून मध्ये काळा ठिपका दिला की तो भूत बघितल्यासारखा वटारून बघतो. ०००० नंबरचा ब्रश आणला तरी तेच. अजून बारीक ब्रश मिळतो का?

ब्रश नका बदलू, आधी थोडा हिशोब करू. १/३५ ची फिगर तुम्ही डोळ्यापासून ३० सेंटीमीटरवर धरलीत म्हणजे खरा माणूस साधारण साडेदहा मीटरवर उभा आहे. तेवढ्या अंतरावरच्या माणसाच्या डोळ्यातलं पांढरं तुम्हाला वेगळं दिसतं का हो? नाही दिसत. दिसते ती भुवईखालची सावली आणि त्यात एक काळपट आडवी रेघ, बस. आणि फिगरचा डोळा असतो केवढा, रुंदी एक मिलिमीटरच्या आत आणि उंची त्याच्याही तिसरा हिस्सा, त्यात शुभ्र पांढरा भरला की अख्ख्या चेहऱ्यात तेवढंच चमकतं आणि माणूस घाबरलेला दिसतो.

म्हणून या स्केलला माझं स्पष्ट मत असं की पांढरा वापरूच नका. डोळ्याच्या खाचेत गडद तपकिरी भरा, मग वाटलंच तर त्यात त्वचेच्या रंगात राखाडी मिसळून दोन्ही कोपऱ्यांत अगदी टेकवल्यासारखं करा, म्हणजे मधला तपकिरी भाग आपोआप बुबुळ होतो. बुबुळ वरच्या पापणीला चिकटलेलं हवं, चारी बाजूंनी पांढरं दिसलं की डोळे वटारलेच म्हणून समजा. हे सगळं बाकीच्या चेहऱ्याच्या आधी करायचं, कारण रंग इकडेतिकडे गेला तर त्वचेच्या रंगाने कडा झाकता येतात, उलट क्रमाने केलं तर रंगवलेला गाल खराब होतो.

आता चेहरा. एवढ्याशा डोक्यावर, ते जेमतेम साडेसहा मिलिमीटरचं असतं, खोलीतल्या उजेडाने पुरेशी सावली पडतच नाही, ती आपल्याला रंगवावी लागते. उजेड वरून येतोय असं धरा आणि त्वचेच्या मूळ रंगात लालसर तपकिरी मिसळून डोळ्यांच्या खाचा, नाकाच्या बाजू, गालफडाखाली, खालच्या ओठाखाली आणि हेल्मेटच्या पट्ट्याच्या कडेने लावा. मग मूळ रंगात थोडा फिकट मिसळून नाकाचा शेंडा, गालाची हाडं, हनुवटी आणि भुवईचं हाड उचला. खालच्या ओठाला किंचित लालसर, वरचा ओठ सावलीतच ठेवा. तरुण सैनिक सोडला तर जबड्यावर त्वचेच्या रंगात अगदी थोडा निळसर राखाडी मिसळून पातळ हात द्या, दाढी दोन दिवसांची वाटते आणि माणूस एकदम खरा वाटायला लागतो. हा भाग मला स्वतःला फार आवडतो, कारण इथेच प्लास्टिकच्या तुकड्याला वय येतं, थकवा येतो.

सावलीच्या कडा मिसळत नसतील तर अ‍ॅक्रिलिकचा मूळ रंग पूर्ण वाळू द्या आणि वरच्या सावल्या ऑइल कलरने करा, तो तासन्‌तास ओला राहतो त्यामुळे स्वच्छ कोरड्या ब्रशने निवांत पुसत पुसत मिसळता येतं.

ब्रशचं म्हणाल तर ०००० मध्ये रंग मावत नाही, टोकाला येईपर्यंत वाळतो आणि मग गुठळी बसते. चांगल्या सेबल केसांचा ० किंवा १ नंबर घ्या, टोक शाबूत असलं की झालं. रंग पातळ करून घ्या, कागदावर रेघ ओढली तर खालचा कागद जेमतेम दिसेल इतपत. व्हॅलेहो कंपनीचा मॉडेल कलर असेल तर पाण्याने किंवा त्यांच्याच थिनरने, टामिया कंपनीचा अ‍ॅक्रिलिक असेल तर त्यांच्या थिनरने, आणि व्हॅलेहोत अल्कोहोल घालू नका, रबरासारखा गोळा होतो.

प्रश्न : हात जोडल्यावर खांद्यापाशी फट राहते, आणि रायफल हातात नीट बसतच नाही. पायांवर रंगानंतर उभी रेघ पण दिसते.

रेघ साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची आहे. ती जोडायच्या आधीच काढायची, कटरचं पातं आडवं न धरता उभं धरून हलकेच खरवडत जायचं, कापायचं नाही. पायांची आतली बाजू, बाह्या, हेल्मेटची कड आणि काडतुसांच्या पाऊचेसच्या बाजू विसरल्या जातात. त्यानंतर भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात सगळे भाग धुऊन घ्या, साच्यातलं तेल निघतं.

रायफलचं असं आहे की दोन्ही हात आणि बंदूक एकाच वेळी जुळावी लागते, आणि आपण एक हात आज आणि दुसरा उद्या चिकटवतो तिथे गडबड होते. दोन्ही हातांना पातळ सिमेंट (प्लास्टिक वितळवून जोडणारा गोंद) लावा, सिमेंट मऊ असतानाच रायफल नुसती बसवून (चिकटवून नाही) हात तिच्याप्रमाणे सरकवा आणि तसंच राहू द्या, वाळल्यावर रायफल काढून वेगळी रंगवा. जोडताना थोडं दाबलंत की वितळलेलं प्लास्टिक सांध्यातून बारीक कडेसारखं वर येतं, ते येऊ द्या, फट त्यानेच भरते. एक दिवस थांबून मगच घासा, आधी घासलं तर मऊ प्लास्टिक नंतर आत बसतं आणि खाच परत दिसते. तरी फट राहिली तर पुट्टी, पण खांदा अगदी गुळगुळीत करू नका, खऱ्या कोटाला तिथे शिवण असते, ती पात्याच्या टोकाने परत कोरून घ्या.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन गणवेशाचा फील्ड ग्रे रंग नक्की कोणता? तीन कंपन्यांच्या बाटल्या आणल्या, तीन वेगळे रंग निघाले.

तिन्ही चालतील. खरं कापडच एकसारखं नव्हतं. १९३६ च्या नमुन्याच्या कोटाला गडद हिरवी कॉलर होती, १९४० पासून कॉलरही कोटाच्याच रंगाची झाली, पुढे युद्ध लांबलं तसं कापड हलकं होत गेलं आणि १९४४ चा नमुना तर तपकिरीकडे झुकलेला. म्हणजे तुमचा सैनिक कुठल्या वर्षाचा आहे हे आधी ठरवा, बाटली नंतर. चार जणांचा गट करत असाल तर प्रत्येकाचा कोट थोडा वेगळा करा, आणि पॅंट त्याहून वेगळी. अमेरिकन छत्रीधारी सैनिकांचंही तसंच, जून १९४४ च्या नॉर्मंडीला खाकी एम४२ जंपसूट (उडी मारायचा गणवेश), सप्टेंबरात हॉलंडमध्ये हिरवट एम४३ गणवेश, ही गल्लत फार जणांकडून होते. लोकरी कापड पूर्ण मॅट ठेवा आणि चामड्याला किंचित चमक द्या.

प्रश्न : १/७२ चे मऊ प्लास्टिकचे सैनिक रंगवले की भाल्या-बंदुकांवरून रंगाचे पोपडे निघतात.

हे पॉलिथिलीन आहे, मेणचट असतं, त्यावर सिमेंटही धरत नाही आणि रंगही. एअरफिक्सने १९५९ साली असे छोटे सैनिक काढायला सुरुवात केली तेव्हापासून लोक याच्याशी झुंजताहेत. साबणाने चांगलं घासून धुवा, वाळल्यावर पाणी घालून पातळ केलेल्या पांढऱ्या पीव्हीए गोंदाचा हात द्या, त्यावर अ‍ॅक्रिलिक, शेवटी परत गोंद किंवा वार्निश. इनॅमल टाळा, वाळून कडक होतो आणि भाला वाकला की तडकतो. आणि रंगवल्यावर भाल्याला धरून उचलू नका.

प्रश्न : मॅट वार्निशचा स्प्रे मारला आणि सगळी फिगर पांढरट पडली. महिन्याचं काम वाया गेलं का?

बहुतेक नाही. दमट हवेत मारला किंवा डबा पुरेसा हलवला नाही की असं होतं. घासायला जाऊ नका. पूर्ण वाळू द्या, मग ब्रशने ग्लॉस वार्निशचा एक पातळ हात द्या, बहुतेक वेळा पांढरेपणा जाऊन खालचे रंग परत दिसतात. ते वाळलं की मॅट पण ब्रशनेच लावा, किंवा कोरड्या दिवसाची वाट बघून स्प्रे मारा, दोन मिनिटं डबा हलवून, २०-२५ सेंटीमीटरवरून, आणि आधी एखाद्या रंगवलेल्या टाकाऊ तुकड्यावर.