मिलिटरीचा जुना ट्रक घेऊन थंडीसाठी कॅम्पर करायचाय, 22 लाख घालू का?

नमस्कार दादा. तुमचं पत्र थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय 46, चाकणला नोकरी, सिंहगड रोडला टू बीएचके, होम लोन अजून 9 वर्षं, मुलगी दहावीत. वडील आर्मीत ड्रायव्हर, लेहला शक्तिमान ट्रक चालवायचे. आता तुम्हाला लिलावातला स्टॅलियन, म्हणजे आर्मीचाच ट्रक, घेऊन त्यावर राहायला इन्सुलेटेड केबिन बांधायची आहे: ट्रक 6 लाख, बॉडी 9 लाख, आतलं सामान 7 लाख. त्यातले 14 लाख मुलीच्या शिक्षणाची एफडी मोडून आणि 8 लाख होम लोनवर टॉप-अप घेऊन.

वडिलांच्या वाटेने जायची इच्छा मला मनापासून पटते, ती सोडा असं मी म्हणणार नाही. पण ती एफडी हलवू नका. 7 टक्क्यांनी दोन वर्षांत तिचे 16 लाख होतात आणि बारावीनंतरची ॲडमिशन काही तुमच्या ट्रकसाठी थांबणार नाही. टॉप-अप 9 टक्क्यांनी 9 वर्षं धरला तर महिना 10,800 च्या आसपास हप्ता, आणि एकूण व्याज साडेतीन लाखांवर, म्हणजे ट्रक 22 चा राहतच नाही.

त्यात अडीअडचणीचा पैसा कुठेच धरलेला नाही. असल्या कामात निदान 25 टक्के बाजूला हवेत, म्हणजे अजून साडेपाच लाख. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात गाडी जशी आहे तशी, जिथे आहे तिथे मिळते, आतला गिअरबॉक्स कसा निघेल कोण सांगणार? शिवाय खरी थंडी मागते ते सामान महाग आणि नाजूक असतं. लोखंडी फ्रेम केबिनच्या पॅनेलच्या आरपार गेली की तिथूनच गारवा आत येतो आणि त्यावर पाणी धरतं. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करता येत नाही म्हणून ती आत, उबेत ठेवावी लागते, आणि डिझेल हीटर उंचीवर हवा विरळ म्हणून नीट जळत नाही, काजळी धरते. साधं डिझेलही गोठतं, म्हणून तर इंडियन ऑइलने 2019 ला लडाखसाठी विंटर डिझेल काढलं.

आणि भर हिवाळ्यात मनाली-लेह रस्ता बंद असतो हो. अटल टनेलमुळे लाहौलपर्यंत जाता येतं, किन्नौरकडून स्पितीतलं काझाही बऱ्याचदा गाठता येतं, पण वडिलांचं लेह त्या मोसमात मनालीकडून होणारच नाही.

आता वापर बघा. वर्षाला 25 दिवस रजा, 10 वर्षं, म्हणजे 250 रात्री. 22 लाख भागिले 250, रात्रीला 8,800, डिझेल सोडून. पुणे ते लेह जाऊन-येऊन साधारण 5,000 किलोमीटर, लिटरला 4 चं ॲव्हरेज आणि 90 रुपये भाव धरला तर एका ट्रिपचं डिझेलच 1,12,500 च्या आसपास. उरलेले 11 महिने तो ट्रक तुमच्या सोसायटीत मावणार नाही, पार्किंगचं भाडं मी महिना 5 हजार धरतोय, म्हणजे वर्षाचे 60 हजार.

पण पैशाआधी कागद. ट्रक 7,500 किलोच्या वरचा, म्हणजे कारचं लायसन्स चालणार नाही, हेवी लागेल. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे मंजुरीशिवाय गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये हे स्पष्ट केलंय. मोटर कॅरावॅनसाठी, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस-124 हे वेगळं स्टँडर्ड आहे. आरसीवर नोंद नसलेला बदल असेल तर इन्शुरन्स क्लेमला कंपनी हात आखडता घेते, आणि पुढे विकायला गेलात तर गिऱ्हाईकही मिळत नाही. काही लॉट तर निव्वळ भंगार म्हणून जातात, त्यांचं रजिस्ट्रेशनच होत नाही.

माझं मत, आत्ता नाही. त्याऐवजी महिना 25 हजार आरडीत टाका, 3 वर्षांत 10 लाखांच्या जवळ जातील, तेव्हा मुलीची ॲडमिशन झालेली असेल. तोवर एकदा भाड्याची कॅरावॅन घेऊन काझाकडे जाऊन या, वहिनींनाही न्या, थंडीत डब्यात आठ दिवस राहणं दोघांना झेपतंय का बघा. झेपलं तर सेकंडहँड ट्रॅव्हलर व्हॅनसारखी 7,500 किलोच्या आतली गाडी बघा, वजन, लायसन्स आणि पार्किंग तिन्ही आवाक्यात येतात. स्टॅलियनच हवा असेल तर लिलावाची अनामत भरायच्या आधी आरटीओत लेखी अर्ज द्या की ही गाडी कॅरावॅन म्हणून नोंदवाल का, आणि उत्तर लेखी घ्या. बॉडीवाल्याचं कोटेशनही त्यानंतरच मागा.