ग्रँट दोन वर्षांची आणि बाळ सहा महिन्यांचं

अगं,

पीएचडीनंतर कुठे अर्ज करू, बजेट बरोबर आहे का आणि कुठला कोर्स करू हे विचारणारा तुझा मेसेज मिळाला आणि सोबतचं बजेट नि तो एक्सेलचा तक्ताही उघडून बघितला. एकोणीस फेलोशिप, रक्कम, डेडलाइन, लिंक, सगळं नीट मांडलंयस, पण मला जे बघायचं होतं तेच त्यात नाहीये, म्हणजे पीएचडीनंतर किती वर्षांपर्यंत अर्ज चालतो आणि त्या पैशात एकूण महिने किती मिळतात. बाकीच्या विषयांत हे थोडं मागेपुढे चालून जात असेल, आपल्यात नाही जात. आपण मुलं कशी वाढतात ते बघतो आणि मुलांना वाढायला वेळ लागतो, एवढी साधी गोष्ट प्रपोजल लिहायला बसलं की डोक्यातून निघून जाते. माझ्या गेली होती.

पीएचडी संपल्या संपल्या मी एका ठिकाणी दोन वर्षांच्या ग्रँटसाठी, म्हणजे रिसर्चच्या पैशांसाठी, लिहिलं. सहा महिन्यांची बाळं घ्यायची, ती अडीच वर्षांची होईपर्यंत दर सहा महिन्यांनी बोलवायची आणि भाषा कशी येते ते बघायचं. आता हिशोब कर, सहा महिने ते अडीच वर्षं म्हणजे बरोबर दोन वर्षं, म्हणजे सगळी बाळं पहिल्याच दिवशी लॅबच्या दारात रांगेत उभी असणार असं मी धरून चालले होते (सहा महिन्यांची बाळं, उभी!). एथिक्स कमिटीची मंजुरी, कन्सेंट फॉर्म, आईवडिलांना शोधणं, त्यांना वेळ मिळणं, बाळाला सर्दी झाली म्हणून तारीख पुढे ढकलणं, यातलं काहीही माझ्या टाइमलाइनमध्ये नव्हतं. अर्ज तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने फक्त एवढंच विचारलं होतं की शेवटचं बाळ कितव्या महिन्यात घेणार. रिजेक्ट. आठवडाभर मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि मग बसून तारखा मोजल्या तर तो बरोबर होता.

तर दोन वर्षांचे पैसे असतील तर प्रश्नही तेवढ्यात मावेल असा काप. एक रस्ता म्हणजे एकाच वयाची मुलं घेऊन वाट बघत बसण्याऐवजी तीन गट घ्यायचे, एक सहा महिन्यांचा, एक बारा, एक अठरा, आणि प्रत्येक गट वर्षभरच बघायचा. गटांची वयं एकमेकांवर चढतात त्यामुळे सहा महिने ते अडीच वर्षं हा पट्टा वर्षभराच्या भेटींत भरून निघतो. गटागटांत फरक असू शकतो ही त्याची खोट आहे, ती प्रपोजलमध्ये आपणच आधी लिहायची, लपवायची नाही. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो आणि नवीन मुलं त्याकडे कमीपणाचं काम म्हणून बघतात त्याचं मला नवल वाटतं, तो म्हणजे दुसऱ्यांनी आधीच वाढवलेला डेटा वापरायचा. यंग लाइव्ह्ज या अभ्यासाने इथिओपिया, भारत, पेरू आणि व्हिएतनाम या चार देशांत मिळून सुमारे 12,000 मुलांचा 2002 पासून माग ठेवलाय, ब्रिटनच्या मिलेनियम कोहॉर्ट या तशाच अभ्यासामध्ये 2000 ते 2002 च्या दरम्यान जन्मलेली साधारण 19,000 मुलं आहेत, आणि मुलं घरात काय बोलतात त्याची लिप्यंतरं हवी असतील तर चाइल्ड्स नावाचा संग्रह 1984 पासून उभा आहे. वीस वर्षं तुझ्याआधी कुणीतरी वाट बघितलीय. तू त्यावर एक चांगला पेपर केलास तर तोच तुझा पुढच्या अर्जातला पुरावा होतो, आणि त्याला बाळांना लॅबमध्ये आणायचा एक पैसाही लागत नाही.

आता तक्त्यात नसलेला तो कॉलम, पीएचडीनंतर किती वर्षं आणि पैसे किती महिने. तुझं पीएचडीचं शेवटचं वर्ष आहे, म्हणजे काही दारं आत्ता उघडी आहेत ती डिग्री हातात आली की बंद होतील. सोसायटी फॉर रिसर्च इन चाइल्ड डेव्हलपमेंटची (1933 ची जुनी संस्था) पॅट्रिस एंगल यांच्या नावाची डिसर्टेशन ग्रँट आहे, कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या लहान मुलांवर काम करणाऱ्या पीएचडीवाल्यांसाठी. ती तुझ्या तक्त्यात नाही! रक्कम बघून नाक मुरडू नकोस, छोट्या पैशातून पायलट, म्हणजे आधीचा छोटा चाचणी अभ्यास, होतो आणि पायलट नसेल तर मोठे लोक बोलत नाहीत.

डिग्रीनंतर दुसरं घड्याळ सुरू होतं. युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी पोस्टडॉकला (पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची रिसर्चची नोकरी) कुठल्याही देशाचा माणूस चालतो, पण पीएचडीनंतर जास्तीत जास्त आठ वर्षांचा रिसर्चचा अनुभव, आणि ज्या देशात जायचंय तिथे आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. ही दुसरी अट लोक वाचत नाहीत, तिकडे आधी छोटी नोकरी धरून बसतात आणि मग रडतात. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या एफ31, एफ32 फेलोशिप तू यादीत टाकल्यास त्या खोडून टाक, त्यांना तिथलं नागरिकत्व किंवा कायमचं वास्तव्य लागतं. उलट त्यांच्याच के99/आर00 या ग्रँटला ते लागत नाही आणि नेमकं तेच तू टाकलं नाहीस. त्यात दोन वर्षांपर्यंत मेंटरच्या हाताखाली आणि नंतर तीन वर्षांपर्यंत स्वतंत्र असे पैसे मिळतात, म्हणजे एकूण पाच, आपल्या कामाला शोभेल एवढा वेळ. फक्त पोस्टडॉकची चार वर्षं व्हायच्या आत अर्ज गेला पाहिजे, आणि अर्ज एकदा परत येतो असं धरूनच चाल, म्हणजे तिसऱ्या वर्षी नाही, दुसऱ्याच वर्षी लिहायला घे. स्वित्झर्लंडमधल्या जेकब्स फाउंडेशनची रिसर्च फेलोशिप (तीन वर्षांत 1,50,000 फ्रँक) मुलांच्या शिकण्या-वाढण्यावरच्या कामाला आहे पण ती आत्ता नको, तिला स्वतःचं म्हणावं असं काम लागतं. नियम दरवर्षी थोडे हलतात, त्यामुळे त्या त्या वर्षीची नोटीस स्वतः वाच, माझ्यावरही विसंबू नकोस.

आणि हो, मध्ये मूल झालं, आजारपण आलं, तर घड्याळ थांबवता येतं. युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या स्टार्टिंग ग्रँटमध्ये अर्जाच्या मुदतीत आईला प्रत्येक मुलामागे 18 महिने वाढवून मिळतात. मुलांवर रिसर्च करणाऱ्या बायकाच हे मागायला लाजतात, मी एकटीच अशा तिघींना ओळखते.

ट्रेनिंगचं तू शेवटी एका ओळीत विचारलंयस की कुठला कोर्स करू. कोर्सचं सर्टिफिकेट कुणी बघत नाही ग. बघतात ते हे की तू बाळाला मांडीवर बसवून त्याची नजर कुठे गेली ते नोंदवू शकतेस का आणि दुसऱ्या माणसाने तेच कोडिंग (म्हणजे व्हिडिओ बघून केलेली नोंद) केलं तर जुळतं का. त्यासाठी एलान आणि डेटाव्ह्यू ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, आकडेमोडीसाठीचं आर शिकायलाही पैसे पडत नाहीत. लॅब नसेल तर मेनीबेबीजमध्ये शिर (अनेक लॅब मिळून बाळांवर एकच अभ्यास करतात तो गट), हा माझा सगळ्यात ठाम सल्ला. त्यांचा पहिला मोठा अभ्यास 2020 मध्ये आला, 67 लॅब, 2,329 बाळं, प्रश्न एकच की मोठी माणसं बाळाशी लाडाने बोलतात ते बाळांना जास्त आवडतं का. एकट्या लॅबला एवढी बाळं मिळायला जन्म गेला असता. तिथे काम करताना प्रोटोकॉल कसा लिहितात, रडणारं बाळ डेटातून कधी वगळायचं हे आधीच कसं ठरवतात, हे सगळं आपोआप अंगवळणी पडतं, आणि पेपरवर नाव येतं ते वेगळंच.

कॉन्फरन्स एक निवड, बुडापेस्टची जानेवारीतली बीसीसीसीडी, मुलांच्या आकलनाच्या वाढीवरची, मला बरी वाटते, आटोपशीर आहे, पोस्टरसमोर उभं राहून माणसं खरंच बोलतात. तिथे गेलीस तर मोठ्या प्रोफेसरांच्या मागे फिरू नकोस, त्यांच्या पोस्टडॉकशी बोल, जागा कधी रिकामी होणार ते त्यांनाच माहीत असतं.

राहिलं बजेट. तू उपकरणांना अर्धी रक्कम दिलीयेस, नजर टिपणारा आय ट्रॅकर वगैरे. आय ट्रॅकर बहुतेक वेळा उसना मिळतो, व्हिडिओ बघून कोडिंग करणारी माणसं उसनी मिळत नाहीत. पाच मिनिटांचा व्हिडिओ बारकाईने कोड करायला तास जातो, कधी दोन, आणि वर पाचवा हिस्सा तरी दुसऱ्या माणसाकडून पुन्हा करून घ्यायचा असतो. तो खर्च लिहिलाच नाहीयेस. आईवडिलांचा येण्याजाण्याचा खर्च नाही. बाळाबरोबर मोठं भावंड येतं, त्याला त्या वेळात कोण सांभाळणार? तेही बजेटमध्येच येतं, हसू नकोस, भावंडं सांभाळायला कुणी नाही म्हणून माझे दोन सेशन वाया गेलेत. आणि पाचातलं एखादं बाळ तरी रडून किंवा झोपून बाद होणार असं धरून सॅम्पल वाढवून घे, लहान वयात त्याहूनही जास्त जातात.

तर आधी सुधारलेलं बजेट आणि महिन्यांची टाइमलाइन पाठव, शेवटचं बाळ कितव्या महिन्यात येणार ते त्यात लिहिलेलं हवं. प्रश्न आणि थिअरी नंतर बघू, ते तुला येतं. रविवारी सकाळी मी मोकळी आहे, फोन कर.

तुझी,
ताई