बाजाराजवळचे जुने घर: ओल, भरती आणि सह्या

प्रश्न: पणजीच्या मळा भागात जुने चिरेबंदी घर विकत घ्यायचा विचार आहे. मार्केट, कदंब बसस्थानक, मारुती मंदिर सगळे पायी अंतरावर. तळमजल्याच्या भिंतींना गुडघाभर ओल आहे. सिमेंटचा गिलावा केला की ती जाईल, असे विक्रेता म्हणतो. खरे आहे का?

उत्तर: नाही, उलट वाढेल. चिरा म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र, तो जमिनीतले पाणी वर ओढतो. चुन्याच्या गिलाव्यातून ते पाणी हवेत उडून जाते. सिमेंटने ती वाट बंद केली की ओल आणखी वर चढते आणि काही पावसाळ्यांत गिलावा फुगून सुटतो. पोपड्यामागची पांढरी पूड म्हणजे क्षार.

आधी कारण शोधा. डांबराचे थर चढून रस्ता जोत्याच्या बरोबरीला आला आहे का? पन्हळ फुटून पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी पडते का? ते बंद झाल्याशिवाय भिंतीला हात लावू नका.

मग पाऊस सरल्यावर, नोव्हेंबरनंतर, ओलीच्या रेषेच्या हातभर वरपर्यंत सिमेंटचा गिलावा काढा आणि चिऱ्यांमधले सांधे दोनेक सेंटिमीटर खोल कोरून घ्या. क्षार कोरड्या ब्रशने झाडा. धुतलेत तर ते पुन्हा आत मुरतात. भिंत शक्य तितके दिवस उघडी वाळू द्या. मळलेला चुना 1 भाग, धुतलेली नदीची वाळू 3 भाग, असे दोन थर द्या, प्रत्येक साधारण 10 ते 12 मिलिमीटर. समुद्राची वाळू अजिबात नको, तिच्यातले मीठच हवेतली ओल खेचते. प्रत्येक थर आठवडाभर हलका ओलसर ठेवा. उन्हावाऱ्याने झटपट वाळला तर भेगा पडतात. वरून चुन्याचाच रंग द्या. ऑइल पेंट लावलात तर सगळी मेहनत वाया.

प्रश्न: पावसात रस्त्यावर पाणी साचते, असे शेजारी सांगतात. घेण्याआधी खात्री कशी करावी?

उत्तर: बाजार जवळ असण्यापेक्षा हे महत्त्वाचे. मळा सखल आहे आणि इथले पावसाचे पाणी उरेच्या खाडीकडे जाते. खाडीला भरती असते तेव्हा गटारातले पाणी पुढे सरकत नाही, आणि नेमका त्याच वेळी जोराचा पाऊस झाला की ते रस्त्यावर येते. म्हणून जून-जुलैत, अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास, भरतीच्या वेळी जाऊन उभे राहा. कोरड्या दिवसांत गेलात तर दाराच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग बघा: लाकूड काळे किंवा भुसभुशीत असेल, चौकटीला नवे तुकडे जोडलेले असतील, तर पाणी आत येऊन गेले आहे. शेजारच्या दुकानांनी उंबरे उंच केलेत का, विजेचे मीटर किती वर बसवलेत, हेही पाहा. शौचालय मलवाहिनीला जोडलेले आहे की सेप्टिक टँक आहे, ते स्पष्ट विचारा. टँक असेल तर भरतीच्या पावसात ती तुंबते.

प्रश्न: घर वडिलोपार्जित आहे. विक्रेत्याचे दोन भाऊ परदेशात आहेत. त्याची एकट्याची सही चालेल का?

उत्तर: नाही. सिटी सर्व्हेचा फॉर्म डी, म्हणजे शहरातल्या मालमत्तेच्या नोंदीचा उतारा, काढून त्यावर कोणाची नावे आहेत ते पाहा. वडिलांच्या मृत्यूनंतर वारस ठरवण्याची प्रक्रिया झाली आहे का, हेही तपासा. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार बहुतेक विवाहितांची मालमत्ता सामाईक असते. त्यामुळे तिन्ही भावांसोबत त्यांच्या पत्नींच्याही सह्या लागतात, परदेशातल्यांचे मुखत्यारपत्र चालते. तळमजल्यावर जुना भाडेकरू असेल तर 1968च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्याला संरक्षण आहे. घर विकत घेतले म्हणून तो बाहेर पडत नाही. विसार देण्याआधी ही सगळी कागदपत्रे वकिलाला दाखवा.