आमच्या महाविद्यालयीन नाट्यसंघाने (मराठवाडा) एकांकिकेसाठी दिवाणखान्याचे नेपथ्य उभारावे की आजच्या नव्या पद्धतीचे?

नव्या पद्धतीचेच उभारावे, म्हणजे रंगवलेल्या फ्लॅटच्या (लाकडी चौकटीवर कापड किंवा प्लाय लावून केलेल्या तकट्यांच्या) तीन भिंतींऐवजी दोन-तीन लेव्हल (कमी-जास्त उंचीचे चौथरे), एखादी सूचक चौकट, प्रकाशयोजना आणि नटांच्या हालचाली यांतून स्थळ निर्माण करावे. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये रांगेत उभ्या नटांनीच पडद्याचे काम केले, आणि काळोख न करता स्थळ बदलता येते हे प्रेक्षकांनी मनापासून स्वीकारले, आजचे सूचक नेपथ्य त्याच वाटेने पुढे गेले आहे. लातूर, नांदेड, परभणी अशा ठिकाणी स्पर्धेसाठी फिरणाऱ्या संघाला तर हे विशेष सोयीचे आहे, कारण सामान थोडे लागते आणि रंगमंच मिळाल्यावर मांडणी लवकर होते. प्रक्षेपित चित्रांचा मोह मात्र जपून करावा. पुढून येणारा प्रकाश पडद्यावर सांडला की चित्र फिके पडते, आणि चित्रासाठी तो प्रकाश कमी केला की नटाचा चेहरा अंधारात राहतो, जे मला अक्षम्य वाटते. अपवाद संहितेचा आहे: ‘वाडा चिरेबंदी’सारख्या नाटकात खचणारे घर हेच जवळजवळ एक पात्र असते, तेथे भिंती, दारे आणि ओसरी यांचे वजन प्रेक्षकाला जाणवलेच पाहिजे.